लंकाबाईच्या नावाआधी

भिकन देवरेची ओळख करून द्यायची तर त्याच्या नावापासून सुरुवात करावी लागते, कारण तो स्वतःही तिथूनच करतो. "मी भिकन. आईने मागून आणलेलं नाव आहे." नवा माणूस अवघडतो. मग तो शांतपणे सांगतो की सटाण्याकडे, त्याच्या गावात, आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्या मुलासाठी आई चार घरी पदर पसरून धान्य मागते आणि त्याचं नाव भिकन ठेवते. नाशिकच्या एका संगणक क्लासच्या मास्तरांनी त्याला नाव बदलून घ्यायला सुचवलं होतं. भिकन म्हणाला, "सर, एवढ्या लोकांनी मूठ मूठ दिलंय, परत कोणाकोणाला करू?"

तो आमच्या संस्थेत नोकरीला कधीच नव्हता. आमची संस्था म्हणजे नाशिक शहराच्या कडेने फुलं आणि भाजीपाला पिकवणाऱ्यांची. मी तिथला लेखापाल. बी.कॉम. झाल्यावर लागलो तो येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. सभासद मला भाऊसाहेब म्हणतात. माझं खरं नाव निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. भिकन आमचा प्रोग्राम लिहायचा आणि सांभाळायचा. सभासदांची नावं, कोणी किती माल आणला, कोणाला कुठलं पत्र गेलं, हे सगळं त्याच्या प्रोग्राममधून निघे.

आयटीआय करून त्याने ओझरच्या विमानांच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली होती. पुढे जागा निघाली नाही. मग नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात बिघडलेले संगणक दुरुस्त करता करता तो प्रोग्राम लिहायला शिकला. चाळिशी ओलांडलेला, अंगाने बारीक, शर्टाची बाही नेहमी बटण लावून बंद. आला की पंख्याच्या आड येणार नाही असा बाजूला सरकून बसायचा आणि काम संपल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. "आधी चहा घेतला की काम झाल्यासारखं वाटतं," असं त्याचं म्हणणं. मला हा माणूस आवडायचा. आम्हा हिशेबी लोकांना पै न् पै जुळल्याशिवाय जेवण जात नाही, त्यातला तो होता. चूक सापडली की ती ज्याची त्याला सांगितलीच पाहिजे, ही त्याची खोड होती. एकदा स्वतःच्याच प्रोग्राममधली चूक, जी कोणाच्याही लक्षात आली नसती, ती त्याने आमच्या चेअरमनना घरी जाऊन सांगितली होती. चेअरमन म्हणाले, "देवरे, तुम्ही धंदा कसा करता हो?"

लंकाबाई फडोळ या आमच्या सभासद. मखमलाबादच्या अंगाला त्यांचा लहानसा मळा आहे. झेंडू, शेवंती, आणि मधल्या जागेत मेथी-कोथिंबीर. त्यांचा नवरा पुंजा बऱ्याच वर्षांपूर्वी द्वारकेवरून एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो परत आला नाही. भांडण नाही, निरोप नाही. घरात लंकाबाई, त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी वैष्णवी आणि पुंजाची आई सखुबाई. सून मळा बघायची, फुलबाजारात माल न्यायची. सासू मुलाची वाट बघायची. तिने पोलिसांत तक्रारसुद्धा देऊ दिली नव्हती. म्हणायची, "हरवायला तो काय कोकरू हाय? कामाला गेलाय."

सगळ्या सभासदांची नावं संगणकात भरली तेव्हा नावाआधी काय लावायचं याचा एक रकाना होता. श्री., सौ., श्रीमती, कु. आता शहरात कुठल्याही बाईला श्रीमती म्हणतात, पण आमच्या गावांत अजूनही सौ. म्हणजे जिचा नवरा आहे ती आणि श्रीमती म्हणजे जिचा नवरा गेला ती. लंकाबाईंना विचारलं तेव्हा भिकन माझ्या शेजारीच बसला होता.

त्या म्हणाल्या, "सौ. लावलं तर बाया तोंडावर पदर घेऊन हसत्यात. श्रीमती लावलं तर सासू जीव देईन. काहीच लावू नका भाऊसाहेब. नुसतं नाव लिवा."

मी जरा घोटाळलो. रिकामा रकाना मला सहन होत नाही. ऑडिटर विचारतो. निदान आडवी रेघ तरी मारून ठेवावी अशी आमची रीत. पण भिकन लगेच म्हणाला, "ठेवा रिकामा. माझा प्रोग्राम रिकामं चालवून घेतो, ताई. तुमचं नाव नुसतंच छापेल." त्यांना बरं वाटलं असावं. जाताना टेबलावर शेवंतीची फुलं ठेवून गेल्या. सगळ्या यादीत तो एवढाच रकाना रिकामा राहिला.

गेल्या श्रावणात वार्षिक सभेच्या सूचना निघाल्या. दोन दिवसांनी लंकाबाई ऑफिसात आल्या. हातात आमचंच पाकीट. डोक्यावरचा पदर घट्ट आवळलेला.

"भाऊसाहेब, कवा गेला तो? मला पण सांगा ना. बायको हाय त्याची, मला तरी कळू द्या."

"कोण गेला?"

"माझा नवरा. तुम्हाला कळलंय, तुम्ही छापून पाठवलंय."

पाकिटावर होतं: श्रीमती लंकाबाई पुंजा फडोळ.

सखुबाईची एक सवय होती. घरात आलेला कुठलाही कागद ती नातीकडून पहिल्यापासून वाचून घ्यायची, पाकिटावरच्या पत्त्यासकट. कधीतरी एखादं पाकीट मुलाचं असेल, या आशेने. वैष्णवीने भरभर वाचलं आणि पहिलाच शब्द तोंडातून निघून गेला. म्हातारीने तिला थांबवून तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग उठून भिंतीशी जाऊन बसली.

"मी लाख सांगितलं का ऑफिसची चूक असंन," लंकाबाई म्हणाल्या, "तर मला म्हणती, ऑफिस चुकतं व्हय? तुला कळलंय आन् तू दडवलं. जमिनीपायी दडवलं. कालपासून माझ्या हातचं पाणी घेत नाय. पोरीनं दिलं तर घेती."

मी त्यांच्यासमोर संगणक उघडला. रकाना रिकामाच होता. भिकनला फोन लावला आणि त्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"रिकामा आहे ना? मग ते डिफॉल्टमधून आलं असेल," भिकन पलीकडून म्हणाला. "डिफॉल्टच बघावं लागेल."

लंकाबाई ताडकन उठल्या. "ओ दादा, डिफॉल्टर कोणाला म्हणता? सोसायटीचा एक रुपाया बाकी नाय माझा! इचारा भाऊसाहेबांना!"

आमच्याकडे डिफॉल्टर म्हणजे थकबाकीदार, दुसरा अर्थ कोणाला माहीत नाही. भिकन गडबडला. "नाही नाही ताई, तुम्हाला नाही. डिफॉल्ट म्हणजे, आपण काही सांगितलं नाही तर मशीन आपल्या मनाने जे धरतं ते."

"मग त्या मशीनला सांगा, मनानं काय बी धरू नको म्हणावं. लोकांची घरं हायेत."

मी एकट्या लंकाबाईंचं पत्र पुन्हा छापलं. नाव बिनचूक आलं, आधी काही नाही. ते पाकिटात घालून, सही-शिक्का मारून त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी वैष्णवीचा फोन आला. "काका, आजी म्हणते, आता तुम्ही आईच्या सांगण्यावरून बदलून दिलं. आधी का लिहिलं होतं ते सांगा म्हणते. ते कोणी सांगितलं तर मी मानेन म्हणते."

म्हातारीचं म्हणणं वावगं नव्हतं. कागदावर एक शब्द आपोआप उगवतो यावर मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. आणि ते का झालं, याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

भिकनने ते मनावर घेतलं. दुसरीकडची कामं आटोपून तो आमच्याकडे येऊन बसू लागला. लंकाबाईंचं नाव घालायचा, पत्र काढायचा. बरोबर. पुन्हा काढायचा. बरोबर. माझ्याच टायपिंगच्या चुकीची शंका त्याने एकदा हळूच बोलून दाखवली, मग प्रोग्रामच्या नोंदी बघून स्वतःच माफी मागितली. त्या रकान्याला पहिल्या दिवसापासून कोणी हात लावलेला नव्हता.

"जी चूक परत परत होते ती बरी असते, भाऊसाहेब," तो म्हणाला. "ही एकदाच होऊन गेली. तिला कुठे धरू?"

सुरुवातीला लंकाबाई दर दोन-चार दिवसांनी फोन करायच्या. "दादाला सापडलं का?" मी म्हणायचो, शोधतोय. पलीकडून सुस्कारा. "लवकर शोधा म्हणावं. घरात तीन चुली व्हायची पाळी आलीये." पुढे पितृपक्ष आला आणि त्यांचे फोन थांबले. दसऱ्याच्या झेंडूची कामं असतील, असं मी समजलो. तेवढं समजून मी गप्प बसलो. भिकनला मात्र चैन नव्हतं. तो एकदा म्हणाला, "त्या आजी माझ्या आईसारख्याच असतील हो. कोणी विचारलं तर आई अजून सांगते, माझा भिकन विमानं बनवतो. एकदा मनात बसलं की निघत नाही."

दसऱ्याच्या झेंडूच्या भावाचं पत्र सगळ्यांना पाठवायचं होतं. भिकन म्हणाला, या वेळी छापू नका, मला सगळी यादी आधी पडद्यावर बघू द्या. त्याने सगळ्या सभासदांची पत्रं एकदम तयार केली. लंकाबाईंच्या नावाआधी श्रीमती उभं!

तो खुर्चीत ताठ झाला. मग त्याने यादी अर्धी केली. पहिल्या अर्ध्यात चूक. ती पुन्हा अर्धी केली. असं करत करत शेवटी दोनच नावं उरली. चिमणाबाई फडोळ आणि त्यांच्या पाठोपाठ लंकाबाई फडोळ. दोन्ही एकाच भाऊबंदकीतल्या, यादीतही शेजारी. त्याने क्रम उलटा केला. लंकाबाई आधी, चिमणाबाई नंतर. नाव बिनचूक आलं. पुन्हा सरळ केला. श्रीमती.

मग त्याने प्रोग्राममधला स्वतःच लिहिलेला तो तुकडा उघडला, आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेला.

"हाई मनी चूक शे," तो पुटपुटला. ही माझी चूक आहे. त्याच्या तोंडून ऑफिसात अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली.

मला समजेल असं त्याने सांगितलं. नाव तयार करून देणारा तो तुकडा, त्याला ते फंक्शन म्हणतात. त्याला काम करायला एक डबा लागतो, ज्यात नाव, आडनाव, उपाधी ठेवायची. डबा बाहेरून दिला नाही तर त्याने आपला रिकामा डबा घ्यावा, असं भिकनने लिहून ठेवलं होतं. त्याची समजूत अशी की दर नावाला तो नवा रिकामा डबा घेतो. प्रत्यक्षात तो एकदाच घ्यायचा, प्रोग्राम सुरू होताना. पुढे सगळ्यांना तोच डबा. नाव आणि आडनाव दर वेळी नवं पडायचं, त्यामुळे जुनं पुसलं जायचं. उपाधी असली तर तीही नवी पडायची. पण जिची उपाधी रिकामी, तिच्या वेळी डब्यात आधीच्या बाईचीच राहायची. एकट्याचं पत्र काढलं की डबा ताजा, म्हणून इतके दिवस चूक दिसत नव्हती.

"म्हणजे मागील शिल्लक पुढे ओढली गेली," मी म्हणालो.

"हो. आणि मी शिल्लक शून्य धरून चाललो होतो."

मग माझ्या डोक्यात आलं. चिमणाबाईंचा नवरा चैत्रात वारला होता. त्यांच्या मुलाने येऊन सांगितलं आणि मीच त्यांच्या रकान्यात सौ. काढून श्रीमती केलं. ते योग्यच होतं. पण त्याआधीची इतकी वर्षं? लंकाबाईंना आमची सगळी पत्रं सौ. लावून जात असणार. त्यांनी नको म्हटलेलं असूनही जात असणार. लंकाबाई मळ्यात असताना वैष्णवी ते वाचत असणार, सखुबाई ऐकत असणार, आणि म्हातारीला त्यात काही गैर वाटायचं कारण नव्हतं. तिच्या लेखी ते खरंच होतं. चिमणाबाईंचं कुंकू होतं तोवर लंकाबाईंचं कागदावर टिकलं. ते गेलं आणि यांचंही गेलं. एका बाईचं नशीब दुसरीच्या नावाला चिकटत होतं आणि आम्ही वर शिक्का मारत होतो.

भिकनने दुरुस्ती केली. एका ओळीचं काम होतं. चहा आला तो तसाच निवला. "उद्या सकाळी जाऊ," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या होत्या ना, का झालं ते सांगा. आता सांगता येईल."

मी लंकाबाईंना फोन करून चूक सापडल्याचं सांगितलं. मला वाटलं होतं त्या मोठ्याने काहीतरी बोलतील. त्या नुसतंच "बरं झालं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "येशान तवा आधी मळ्यात या. घरी जाऊ नका. मला बोलायचंय." का, ते मी विचारलं नाही. कामाच्या गडबडीत असतील.

सकाळी भिकनच्या स्कूटरवर आम्ही गेलो. मळ्याच्या वाटेवर त्यांचं घर लागतं. ओट्यावर सखुबाई झेंडूच्या माळा ओवत बसली होती, भोवती फुलांच्या पाट्या. मी तिला याआधी पाहिलं होतं ते दाराला टेकून रस्त्याकडे डोळे लावलेलं. आज ती फुलांकडे बघत होती आणि शेजारणीला काहीतरी सांगून हसत होती. आम्हाला पाहून म्हणाली, "या या, भाऊसाहेब. लंका टेंपो भरून द्यायला गेलीये, येईनच. बसा. हा कोण?"

"हा देवरे. आमचा कॉम्प्युटरवाला."

तिने सुई थांबवली. शेजारीण उठून गेली. "तूच का तो? लंका सांगत व्हती, एक पोरगा शोधून ऱ्हायला म्हणून. मंग? सापडलं का रे बाबा, कोणी लिहिलं ते?"

लंकाबाईंचं आधी मळ्यात या हे मला आठवलं. पण प्रश्न भिकनला होता, आणि सरळ विचारलेल्या प्रश्नाला आडवं उत्तर देणं त्याला येत नव्हतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "सापडलं, आजी. कोणी लिहिलं नव्हतं. माझ्या प्रोग्रामची चूक होती."

"म्हंजी?"

त्याने एक रिकामी पाटी ओढली. "समजा, ही पाटी. एका बाईची फुलं ह्यात मोजली, ओतून दिली. मग दुसऱ्या बाईची मोजायची. पाटी झाडून घ्यायला पाहिजे की नको?"

"पाहिजेच. नाय तर आधीचीची फुलं तळाला ऱ्हात्यात."

"मी पाटी झाडलीच नाही, आजी. माझी समजूत, प्रत्येकीला नवी पाटी आहे. पाटी एकच होती. तुमच्या सुनेच्या आधी यादीत चिमणाबाई आहेत."

म्हातारीने पाटी जवळ ओढली. अडाणी बाई, पण तिला ते माझ्याहून लवकर कळलं. "चिमणीचा नवरा गेला चैतात," ती हळू म्हणाली. "मंजी चिमणीचं तळाला ऱ्हायलेलं माझ्या लंकाच्या कपाळी आलं."

"हो."

"आन् माझ्या पुंजाचं कोणी काय सांगितलं नव्हतं?"

"कोणीच नाही. लंकाताईंनी काही दडवलं नव्हतं. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं."

हे सांगताना भिकनचा चेहरा मोकळा झाला होता. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखा. त्याला वाटलं, सासू-सुनेतली गाठ आता सुटेल. मलाही तसंच वाटलं.

सखुबाईने हातातली माळ खाली ठेवली. "मंग तो हाय?"

"ते मला नाही सांगता येणार, आजी. पत्रातला शब्द चुकीचा होता, एवढंच."

"अरे पोरा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला, "मी त्याचं पाणी सोडलं रे. पितरपाटात. रामकुंडावर. गवताचा पुतळा करून त्याला जाळला. दिराच्या पोराकडून पिंड दिले. जित्या लेकाचे?"

भिकन तसाच उकिडवा राहिला. म्हातारी दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत होती, जणू त्या हातांना काही लागलं आहे. "त्याची कापडं वाटून टाकली मी. अंथरूण वाटलं. आता आला तर काय देऊ त्याला?"

तेवढ्यात लंकाबाई आल्या. डोक्यावर रिकामे क्रेट. ओट्यावर आम्हाला बघून त्या जागीच थांबल्या. काय झालं ते त्यांनी न विचारता ओळखलं. क्रेट उतरवून सासूजवळ गेल्या, तिचं डोकं पोटाशी धरलं. म्हातारी त्यांना म्हणत होती, "मी तुला काय काय बोलले गं. तू काय बी दडवलं नव्हतं." आणि पुन्हा लगेच, "जित्याचं पाणी सोडलं गं."

"तुमी काय वाईट मनानं केलं का आत्या? गप ऱ्हावा."

आम्ही उठलो. लंकाबाई स्कूटरपर्यंत आल्या. मला वाटलं त्या संतापतील, म्हणून मी आधीच काही म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"तुमी खरं तेच सांगितलं. दादांनी तर लय खपून शोधलं. तुमची काय चूक नाय." त्या पदराच्या टोकाने हात पुसत राहिल्या. "पयल्या पंधरा दिवसांत सांगितलं असतं तर मी तुमच्या पाया पडले असते. तवा ती मला वैरीण समजत व्हती. मंग रडली, भांडली, सगळं झालं. रामकुंडावरून आली आन् रातच्याला शांत झोपली, तो गेल्यापून पहिल्यांदा. मला म्हणली, लंके, कुंकू लाव नाय तर नको लावू, तुझं तू जग. मळ्यात यायला लागली. पोरीच्या कॉलेजचं इचारायला लागली. घरात आमी तिघीच व्हतो, भाऊसाहेब. बरं चाललं व्हतं. आता तो परत येऊन बसला."

"मला माहीत नव्हतं, ताई," भिकन म्हणाला.

"म्हणून तर म्हटलं व्हतं आधी मळ्यात या. पण टेंपोवाला आज नेमका लवकर आला." त्यांनी मान हलवली. "जाऊ द्या. तुम्हाला तरी खोटं कसं बोलता आलं असतं?"

परत आल्यावर भिकन थेट संगणकासमोर जाऊन बसला.

प्रोग्राममधली ती जागा त्याने नंतर पुन्हा बदलली. आता रकाना रिकामा ठेवता येत नाही. पण पर्यायांत आणखी एक पर्याय आहे, "काही लावू नये" असा. म्हणजे कोणी सांगितलंच नाही ते वेगळं, आणि लावू नका असं सांगितलं ते वेगळं. मला तो फरक पटला. इतकी वर्षं मी रिकाम्या रकान्याला न भरलेला रकाना समजत आलो होतो. लंकाबाईंचं पत्र आता नुसत्या नावाने जातं. आजवर त्यात चूक झालेली नाही.

पण भिकनचं तेवढ्यावर भागलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो द्वारकेच्या आसपासच्या ट्रान्सपोर्टच्या गाळ्यांतून फिरू लागला. वैष्णवीकडून पुंजाचा लग्नातला फोटो घेतला होता, त्यात मुंडावळ्यांमुळे चेहरा धड दिसत नाही. जुन्या ड्रायव्हरांना दाखवायचा. कोणी म्हणायचं, असे क्लीनर छप्पन आले. कोणी गुजरातकडचं नाव सांगायचं, कोणी इंदूरकडचं. लंकाबाईंना घेऊन जाऊन त्याने पोलिसांत तक्रारही दिली. तिथल्या साहेबाने विचारलं, इतकी वर्षं काय करत होतात? लंकाबाई म्हणाल्या, "वाट बघत व्हतो."

मी त्याला एकदा म्हणालो, "देवरे, तुझी जबाबदारी पत्रापुरती होती. ती तू निभावलीस."

तो म्हणाला, "त्यांच्याकडे एक उत्तर होतं, भाऊसाहेब. चुकीचं होतं, पण उत्तर होतं. ते मी काढून घेतलं. बदल्यात काही दिलं नाही."

सखुबाईने त्याचा नंबर नातीकडून पाठ करून घेतला आहे. परवा तो आमच्याकडे आला होता. माझ्या जागी येणाऱ्या माणसाला प्रोग्राम समजावून द्यायचा होता. मध्येच त्याचा फोन वाजला. नाव बघून तो उठला आणि व्हरांड्यात गेला. खिडकी उघडी होती.

"बोला आजी... नाही, अजून नाही... हो, गेलो होतो. इंदूरच्या गाडीवर विचारलं... नाही हो, विसरलो नाही. जेवलात का? काय केलं होतं?... बरं. बरं. कळलं की लगेच सांगतो."

आत येऊन तो बसला. नवा माणूस पेन उघडून वाट बघत होता.

"कधी कधी वाटतं," भिकन माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती चूक मला सापडली नसती तर बरं झालं असतं. असं वाटणं चांगलं नाही ना?"

उत्तराची वाट न बघता त्याने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि नव्या माणसाला म्हणाला, "हां. तर नावाआधी काय लावायचं, हे प्रत्येकाला विचारायचं. तुम्ही आपल्या मनाने काही धरू नका."